नावावरची आडवी रेघ

१८ जून २०२४, सॉल्ट लेक सिटी

विहीणबाईंकडे आज जेवायला गेलो होतो. जेवणानंतर त्यांनी दिवाणखान्यातला वंशवृक्ष दाखवला. तो झाडासारखा नाही, उघडलेल्या पंख्यासारखा आहे. मध्ये त्यांचं नाव, त्याभोवती आईवडील, मग आजीआजोबा, असे एकाबाहेर एक अर्धगोल. सगळे खाने सुबक अक्षरांत भरलेले. पाचव्या अर्धगोलात एका खान्यात मात्र नुसतं नाव आणि जन्मसाल, १८२९. मृत्यूची जागा कोरी.

"हे कोण?" मी विचारलं.

"माझ्या आजीच्या आजीचे वडील. ते सोडून गेले."

"कुठे गेले?"

"आमचं मॉर्मन चर्च सोडून गेले, ताई." माझ्या मुलाने शिकवलेलं 'ताई' त्या आता सहज म्हणतात. "पुढचं आमच्या घरात कुणी बोलत नसे."

त्यांनी १९२० च्या सुमाराचं, घरातल्याच कुणी टंकलेखन करून बांधलेलं कुळाचं पुस्तक काढलं. त्यात या माणसाबद्दल दीड ओळ आहे. डेन्मार्कमधून आले, हातगाडी ओढत मैदान ओलांडलं, आणि मग एक शब्द: अपोस्टेट. मराठीत याला धर्मभ्रष्ट म्हणावं, का बाटलेला, का फितूर? तिन्हींची थोडी थोडी चव त्यात आहे. शब्दापुढे पूर्णविराम आणि पुढच्या ओळीत दुसरा माणूस.

मी एकतीस वर्षं पुण्यात दप्तरखान्यात मोडी वाचली. लिहिणाऱ्याने हात आखडता घेतलेला लगेच ओळखू येतो. म्हटलं, सहा महिने इथे राहायचंच आहे, तर शोधू या का? त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "माझ्या आईला हे आवडलं नसतं. पण उद्या दहा वाजता निघू."

१९ जून

वंशावळींचं ग्रंथालय वेस्ट टेंपल रस्त्यावर आहे. समोर जुनं टेंपल, त्याच्याभोवती परांची आणि क्रेन. भूकंपात तग धरावा म्हणून पायापासून डागडुजी चालली आहे. ग्रंथालय पाच मजली, सर्वांना खुलं आणि फुकट. संस्था १८९४ ची. या गावाजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट फोडून त्यांनी भुयारं केली आहेत आणि जगभरातल्या नोंदींच्या चोवीस लाख मायक्रोफिल्म तिथे जपल्या आहेत. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंही चित्रण या लोकांनी केलेलं आहे. हे ऐकून मी खुर्चीत बसलेच. आपण कुंभाला जाऊन पणजोबांचं नाव शोधतो त्या वह्या इथल्या डोंगरात!

हा एवढा खटाटोप कशासाठी, ते विहीणबाईंनी सांगितलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मेलेल्या पूर्वजांसाठी जिवंत वंशजाने टेंपलमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा असतो. तो स्वीकारायचा की नाही हे परलोकातल्या आत्म्याने ठरवायचं. पण त्यासाठी आधी नाव हवं, गाव हवं, तारीख हवी. मला गया आठवली, आणि सर्वपित्रीला आपण ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांसाठी देतो ती तिलांजली. आपल्याला नाव माहीत नसलं तरी चालतं. यांना नावाशिवाय काहीच करता येत नाही.

२१ जून

डॅनिश नोंदींसाठी इथे एक वयस्क स्वयंसेवक बसतात. त्यांनी पहिल्यांदा आडनावाचा गुंता सोडवून दिला. त्या काळी खेड्यातल्या डेन माणसाला आडनाव नसे. बाप नील्स, तर मुलगा नीलसन. तो येन्स असला तर त्याची मुलं येन्सन. दर पिढीला आडनाव बदलणार. आपल्याला हे समजायला काहीच जड नाही. आपण मधलं नाव लावतो तेच त्यांनी शेवटी लावलं. अडचण अशी की एका परगण्यात त्याच नावाचे चार चार जण निघतात. आमच्या माणसाच्या नावाचे तीन सापडले, तिघांत वयाचं अंतर दोन वर्षांचं.

त्यातून वाट काढली ती चर्चच्या नोंदवहीने. डेन्मार्कमधल्या लुथरन पाद्र्यांच्या वह्यांत १८१४ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांच्याबरोबर गावात कोण राहायला आलं आणि कोण गाव सोडून गेलं याचीही पानं आखलेली असत. उत्तर जटलंडमधल्या त्या गावच्या 'गेलेल्यां'च्या पानावर, एप्रिल १८५७, वीणकर, बायको, एक मूल. शेवटच्या रकान्यात पाद्र्याने लिहिलंय: अमेरिकेला, मॉर्मन.

लिपी जुनी गॉथिक, मला एक शब्द कळत नाही. पण पाद्र्याचा हात दिसतो. बाकी सगळ्या ओळींत त्याने कारण लिहिताना लेखणी शांत ठेवली आहे. 'मॉर्मन' शब्दावर टाक दाबला गेलाय, शाई पसरली आहे. विहीणबाईंना ते दाखवलं. त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तिथेही ते सोडून गेलेलेच."

हे मला सुचायला हवं होतं.

२४ जून

डेन्मार्कला १८४९ मध्ये संविधान मिळालं आणि त्याबरोबर धर्मस्वातंत्र्य. पुढच्याच वर्षी, १८५० मध्ये, मॉर्मन प्रचारक इरॅस्टस स्नो कोपनहेगनला उतरला. १८५१ मध्ये मॉर्मनांचा ग्रंथ डॅनिशमध्ये छापला गेला, इंग्रजीबाहेरच्या भाषेतला तो पहिला अनुवाद. कायद्याने मुभा दिली होती, गावाने नव्हती. ऑलबॉर्गमध्ये त्यांच्या सभा जमावाने उधळल्या. आमच्या वीणकराने बाप्तिस्मा घेतला १८५५ मध्ये. गावात कोणी त्याच्याकडून कापड घेतलं असेल?

२६ जून

आज दिवसभर आमच्या वीणकराचा प्रवास वाचला. वेस्टमोरलँड नावाचं जहाज २५ एप्रिल १८५७ रोजी लिव्हरपूलहून निघालं, त्यात पाचशेहून जास्त स्कँडिनेव्हियन होते. फिलाडेल्फियाला उतरून आगगाडीने आयोवा सिटी, आणि तिथून पुढे तेराशे मैल पायी. बैलगाडी घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी चर्चप्रमुख ब्रिगहॅम यंगने हातगाडीची तोड काढली होती. दोन चाकं, वर लाकडी खोकं, पुढे आडवा दांडा. तो पोटाशी धरून माणसाने ओढायची. १८५६ ते १८६० या पाच वर्षांत अशा दहा तुकड्या आल्या, सुमारे तीन हजार माणसं. १८५६ च्या दोन तुकड्या उशिरा निघाल्या आणि वायोमिंगच्या बर्फात सापडल्या. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी सुमारे ३३० स्कँडिनेव्हियन क्रिस्टियन्सनच्या तुकडीत गाड्या ओढत निघाले. ते १३ सप्टेंबर १८५७ ला या खोऱ्यात पोचले.

तारीख बघून अंगावर काटा आला. त्याआधी दोनच दिवस, ११ सप्टेंबरला, इथून दक्षिणेला माउंटन मेडोज इथे मॉर्मन लष्करी पथकातल्या लोकांनी आणि त्यांच्याबरोबरच्या काही आदिवासींनी कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली होती. पूर्वेकडून अमेरिकन सैन्य चालून येत होतं. वर्षभर धर्मशुद्धीची लाट चालली होती. घरोघर जाऊन लोकांना पापांची प्रश्नावली विचारत, आणि जुन्या सभासदांनाही पुन्हा बाप्तिस्मा देत. गाडी ओढून हातांना घट्टे पडलेला माणूस ज्या शांत सियोनची, म्हणजे देवनगरीची, स्वप्नं बघत आला, त्याला दिसलं ते हे.

काही कळायच्या आत, १८५८ च्या वसंतात, सैन्याच्या भीतीने उत्तरेकडच्या सुमारे तीस हजार लोकांनी घरं सोडून दक्षिणेचा रस्ता धरला. त्यांत हे तिघंही असणार. उन्हाळ्यात परत. १८६० च्या जनगणनेत ते साउथ वेबरला आहेत. मुलं दोन. दुसरं त्याच वर्षीचं, म्हणजे विहीणबाईंच्या आजीची आजी.

१ जुलै

वॉर्डची, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीची, सभासदवही सापडली. कुटुंबाच्या चार ओळी आहेत. बापाच्या नावावर आडवी रेघ, आणि समासात दोन शब्द: 'कट ऑफ', १८६१. बायको आणि मुलांच्या नावांवर रेघ नाही.

पट्टी लावून मारलेली रेघ आहे ती, घाईची नव्हे.

३ जुलै

आता पुढे काय, असं त्या स्वयंसेवकांना विचारलं. ते म्हणाले, चर्चच्या कागदांत आता तुम्हाला तो दिसणार नाही. तो कोणाबरोबर गेला ते आधी ओळखा, म्हणजे त्याचे कागद कुठे असतील ते कळेल.

सोडून जाण्याचे इतके प्रकार असतील याची मला कल्पना नव्हती. काही जण सैन्याच्या संरक्षणात पूर्वेला परत गेले किंवा थेट कॅलिफोर्नियाला. त्यांची नावं तिथल्या जनगणनेत शोधायची. १८६० मध्ये चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या थोरल्या मुलाने इलिनॉयमध्ये वेगळ्या, बहुपत्नीत्व न मानणाऱ्या चर्चचं नेतृत्व स्वीकारलं. त्यांचे प्रचारक १८६३ मध्ये इथे आले आणि अनेकांना घेऊन गेले. त्यांच्या सभासदनोंदी मिसूरीत आहेत. १८६९ मध्ये विल्यम गॉडबी आणि त्याच्या मित्रांना काढलं. ते व्यापारी आणि लेखक होते, आणि व्यापाराबाबत यंगचा हुकूम त्यांना मान्य नव्हता. त्यांच्याच पत्रातून सॉल्ट लेक ट्रिब्यून निघालं, म्हणून त्यांच्याबद्दल छापील मजकूर भरपूर. सॅनपीट खोऱ्यात माउंट प्लेझंटला तर चर्चपासून दुरावलेल्या डेन लोकांनी स्वतःचा लिबरल हॉल बांधला. १८७५ मध्ये प्रेस्बिटेरियन पाद्री डंकन मॅकमिलनने त्यात शाळा काढली, ती वॉसॅच अकॅडमी म्हणून आजही चालू आहे. तिकडे गेलेल्यांची नावं शाळेच्या आणि प्रेस्बिटेरियन चर्चच्या वह्यांत मिळतात.

"पण साउथ वेबर, १८६१ आणि डेन," ते म्हणाले, "म्हणजे मॉरिसाइट. दुसरं काही असूच शकत नाही."

विहीणबाईंचा चेहरा पडला. घरी येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटत होतं ते निदान शेतीच्या भांडणावरून गेले असतील."

६ जुलै

जोसेफ मॉरिस हा इंग्लंडमधून आलेला गरीब माणूस. आपल्याला देववाणी होते असं तो म्हणे आणि ब्रिगहॅम यंगला पत्रांमागून पत्रं लिही. साउथ वेबरला त्याचं ऐकणारी माणसं मिळाली, त्यांत खुद्द तिथला बिशप, आणि बहुसंख्य डेन. मॉरिसची एक शिकवण वाचून मी थबकले. तो पुनर्जन्म मानत असे. आपण पूर्वी मोझेस होतो, असं सांगे. फेब्रुवारी १८६१ मध्ये सॉल्ट लेकहून दोन प्रेषित आले आणि त्यांनी मॉरिससह सतरा जणांना बहिष्कृत केलं. वहीतली ती रेघ तेव्हाची किंवा थोडी नंतरची असणार.

वेबर नदीकाठच्या जुन्या किंग्टन फोर्टमध्ये हे लोक एकत्र राहू लागले. जमीनजुमला, जनावरं सगळं सामायिक. ख्रिस्त आता येणार, मग पेरायचं कशाला? तारखा ठरत आणि टळत. काहींचा धीर सुटला, ते आपली मालमत्ता घेऊन निघाले, त्यावरून भांडणं झाली, तिघांना आत कोंडण्यात आलं. कोर्टाने त्यांना हजर करण्याचा हुकूम काढला, मॉरिसने तो जुमानला नाही. १३ जून १८६२ ला रॉबर्ट बर्टनच्या हाताखाली काही शे हत्यारबंद माणसं आणि तोफा आल्या. आतले लोक प्रार्थनेला जमले होते. पहिल्याच गोळ्याने दोन बायका ठार झाल्या आणि एका मुलीचा जबडा उडाला. तीन दिवस वेढा चालला. तिसऱ्या दिवशी शरण येताना झालेल्या गोंधळात मॉरिस मारला गेला.

वाचताना मी सारखी एकच गोष्ट शोधत होते. बायको आणि दोन वर्षांची ती मुलगी आत होती का?

१० जुलै

साउथ वेबरला जाऊन आलो. इथून तीस मैल. आता तिथे नीटस घरं, फळबागा, रस्त्यावर सायकली चालवणारी मुलं. दक्षिणेला लांबच लांब टेकाड उभं आहे. तोफा त्या टेकाडावर होत्या. आज त्याच्या माथ्यावर हवाई दलाचा तळ आहे. आम्ही नदीकाठी उभ्या होतो आणि लढाऊ विमान डोक्यावरून गेलं तेव्हा विहीणबाईंनी दोन्ही हात कानांवर घेतले. ते हात बराच वेळ तसेच होते.

१२ जुलै

मार्च १८६३ मध्ये खटला झाला. सात जणांना खुनाबद्दल शिक्षा, सहासष्ट जणांना सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल शंभर शंभर डॉलर दंड. लिंकनने नेमलेले गव्हर्नर हार्डिंग यांनी तीन दिवसांत सगळ्यांना माफी दिली. दंड झालेल्यांच्या यादीत आमचा माणूस आहे. इंग्रज कारकुनाने डॅनिश नाव कानांनी ऐकून लिहिलंय, त्यामुळे स्पेलिंग कशाशीच जुळत नाही. मोठ्याने वाचलं तेव्हा जुळलं. मोडीतही आम्ही हेच करत असू. फारशी शब्द डोळ्यांनी लागला नाही की उच्चारून बघायचा.

१५ जुलै

बायकोचा कागद मिळाला. घटस्फोटाचा.

ब्रिगहॅम यंग अशी प्रमाणपत्रं देत असे, दहा डॉलर फी घेऊन. आयुष्यभरात त्याने दीड हजारांहून जास्त दिली. हाताएवढा कागद, दोघांच्या संमतीचा मजकूर, दोन साक्षीदार, १८६३. पण नवऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे, ही बाईने एकटीने घेतलेली फारकत. त्याच वर्षी ती दुसऱ्या एका कुटुंबात दुसरी बायको म्हणून गेली. मुलींना त्या घराचं आडनाव लागलं. विहीणबाईंच्या घरात आजवर ज्याला मूळ पुरुष मानत आले तो हा सावत्र बाप.

त्यांनी कागद खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "ती तेहतीस वर्षांची होती. दोन मुली. नवरा तुरुंगात किंवा रानात. तिने काय करायचं होतं?"

मी म्हटलं, "मी तिला काही म्हणत नाहीये."

रात्री 'घटस्फोट' या शब्दाशी अडून बसले. आपण तो आता नवराबायकोपुरता वापरतो. मुळात तो वेगळाच विधी. जातीबाहेर गेलेल्या, प्रायश्चित्त न घेणाऱ्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेला घट दासीने पायाने लवंडायचा, आणि माणूस जिवंत असताना नातेवाइकांनी त्याचं सुतक पाळायचं. त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही, वाटणी नाही. सभासदवहीतली आडवी रेघ आणि हा हाताएवढा कागद, दोन्ही मिळून तेच झालं की.

१६ जुलै

काल लिहिताना एक गोष्ट मागे ठेवली होती. आमच्या कुळवृत्तांतात वाईच्या शाखेत, माझ्या पणजोबांच्या चुलत भावाच्या नावापुढे छापलंय: पुढील माहिती उपलब्ध नाही. माहिती उपलब्ध होती. ते नगरला अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकवायला गेले आणि ख्रिस्ती झाले. वाईला कृष्णेच्या घाटावर त्यांचा घट फोडला, हे लहानपणी आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक होतं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळं राहून मग त्यांच्यामागे गेल्या, हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी स्मृतिचित्रे लिहिली. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं काय झालं? आमच्या त्या पणजोबांची बायको कुठे गेली, मुलं होती का, मी कधी विचारलंही नाही. साठी उलटून गेली तरी, आणि धंदाच जुनी कागदपत्रं वाचण्याचा.

१९ जुलै

ग्रंथालयात भारतातल्या मिशनचं एक कपाट दिसलं. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन १८५२ मध्ये मुंबईला आला, पुण्याच्या छावणीत राहिला, आणि मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही छापली. त्याच्या हाती लागले ते बहुतेक गोरे शिपाई. डेन्मार्कमध्ये मॉर्मन प्रचारकांना हजारो मिळत होते तेव्हाची ही गोष्ट. विहीणबाई म्हणाल्या, "तुमचे लोक आले असते तर तुम्ही माझ्या नात्यातल्या असता." आता आहेच की, म्हटलं.

२४ जुलै

पायोनियर डे. १८४७ मध्ये याच दिवशी ब्रिगहॅम यंग या खोऱ्यात उतरला. लोक रात्रीपासून फूटपाथवर अंथरुणं टाकून मिरवणुकीची जागा धरतात. बँड, घोडे, चित्ररथ, हातगाड्या ओढणारी तरुण मुलं. विहीणबाई दर वर्षी पायोनियरांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेबरोबर असतात, यंदा माझ्याजवळ बसल्या. त्यांनी संस्थेचा नियम पुन्हा वाचून काढलाय. पूर्वज १० मे १८६९ च्या आत, म्हणजे रेल्वे जोडली जाण्याआधी, इथे पोचलेला हवा. त्याचा धर्म शेवटी कोणता होता याची अट नाही.

"मी त्यांच्या नावाने नवा अर्ज करणार आहे," त्या हातगाडीकडे बघत म्हणाल्या. "गाडी त्यांनीच ओढली होती."

२९ जुलै

आज सापडला!

मे १८६३ मध्ये ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक कॉनरने मॉरिसाइटांपैकी दीडशेच्या वर माणसांना आपल्या कॅलिफोर्नियन शिपायांच्या पहाऱ्यात उत्तरेला नेलं आणि आताच्या आयडाहोत सोडा स्प्रिंग्ज इथे वसवलं. १८७० च्या जनगणनेत तिथे याच वयाचा एक डेन वीणकर आहे, एकटा. तो आमचाच कशावरून? दोन आठवडे त्याच्या मागे होतो. आज ओनायडा काउंटीची नागरिकत्वाची कागदपत्रं उघडली. १८६८. छापील नमुना: मी डेन्मार्कच्या राजावरची सर्व निष्ठा कायमची सोडतो. खाली सही.

विहीणबाईंकडे एक डॅनिश स्तोत्रांचं छोटं पुस्तक आहे, चामड्याची बांधणी, आकाराने तळहाताएवढं. हातगाडीवर माणशी सामान वजन करून घेत, त्यात हे आलं. बायकोकडेच राहिलं आणि आईकडून मुलीकडे येत राहिलं. आतल्या पानावर त्याने १८५४ मध्ये आपलं नाव लिहिलंय. त्याच्या फोटोशेजारी मी ही सही ठेवली. १८५४ चं नाव गॉथिक वळणाचं, १८६८ ची सही इंग्रजी वळणाची. वरवर बघणारा म्हणेल, दोन माणसं. पण नावाच्या शेवटच्या 'एन' चा पाय दोन्हीकडे खाली ओढून डावीकडे वळवलाय, मासे धरायच्या गळासारखा, आणि त्या गळाच्या टोकाशी लेखणी क्षणभर टेकल्याचा ठिपका आहे. हे शिकवून येत नाही. लिपी बदलते, हाताची ही खोड राहते. पेशव्यांच्या कारकुनांचे हात मी असेच ओळखत आले.

विहीणबाईंनी भिंग घेतलं, पाच मिनिटं पाहिलं. मग भिंग माझ्या हातात देऊन त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

लुथरन चर्च, मग हे चर्च, मग राजा. तीनदा सोडलं त्या माणसाने, आणि तिन्ही वेळा कागदावर, लपून नाही. मला वाटतं, ज्या हिमतीवर तो पाद्र्याला सांगून गावाबाहेर पडला त्याच हिमतीवर तो वॉर्डमधूनही बाहेर पडला. पहिल्या वेळेला इथे श्रद्धा म्हणतात, दुसरीला भ्रष्ट होणं. मला त्या दोन्ही एकच दिसतात. मी हे विहीणबाईंना बोलून दाखवलं.

"मग ती इथे राहिली तीसुद्धा त्याच हिमतीवर," त्या म्हणाल्या. "तेही लिहा तुमच्या वहीत."

लिहिलं.

३ ऑगस्ट, सोडा स्प्रिंग्ज

पावणेतीन तास गाडी चालवून आलो. सूनबाई बरोबर होती. गावाच्या मध्यावर दर तासाला उडणारा कारंजा आहे, तो १९३७ मध्ये खणताना अचानक फुटलेला. झरे मात्र जुने, पाण्याला बुडबुडे आणि लोखंडाची चव. तो हेच पाणी प्यायला असेल म्हणून विहीणबाई ओंजळभर प्यायल्या. मीही.

दफनभूमीत दोन तास फिरलो. त्याच्या नावाचा दगड नाही. पुढच्या काळात बरेच जण माँटानाला, नेवाडाला पांगले, काही युटालाही परतले. मॉरिसाइटांच्या जुन्या वस्तीचा बराच भाग आता जलाशयाच्या पाण्याखाली आहे. आम्ही काठावर बसून डबा खाल्ला. वारा होता, पाण्यावर बारीक लाटा.

सूनबाईने विचारलं, "आई, तू यांच्यासाठी टेंपलमध्ये काही करणार?" तिच्या आईला विचारत होती. बहिष्कृताला मृत्यूनंतर परत घ्यायचं तर सर्वोच्च मंडळाची परवानगी लागते. तशी ती मिळतेही. अमासा लायमन हा प्रेषित १८७० मध्ये काढला गेला, त्याला १९०९ मध्ये परत घेतलं. माउंटन मेडोजबद्दल ज्याला गोळ्या घातल्या त्या जॉन ली यालाही १९६१ मध्ये.

मला राहवलं नाही. म्हटलं, "त्यांनी स्वतः सही करून जे सोडलं ते आपण परत त्यांच्या गळ्यात घालू नये."

"तुम्ही सर्वपित्रीला पाणी देता तेव्हा विचारता का त्यांना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मला त्यांना बांधायचं नाही, ताई. हाक मारायची आहे. यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझं मत मात्र बदललेलं नाही, आणि त्यांचंही.

७ ऑगस्ट

विहीणबाईंनी पंख्यातला तो खाना भरला. मृत्यूच्या जागी काही लिहिलं नाही. नावाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं: सोडा स्प्रिंग्ज, १८७०, वीणकर. अर्जाचा निर्णय व्हायचा आहे. टेंपलचा निर्णय त्यांनी घेतलेला नाही.

वाईला भावाला चार दिवसांपूर्वी निरोप टाकला होता, आज पहाटे त्याचा फोन आला. त्याने थोरल्या आत्याला विचारलं. त्र्याण्णव वर्षांच्या आत्याला सगळं आठवतंय. तिची आजी त्या माणसाचं नाव घेत नसे, पण संक्रांतीचा हलवा पुड्यांत बांधताना एक पुडी बाजूला ठेवी आणि म्हणे, ही नगरच्या भाऊजींची. पुडी कधी कुणी नगरला नेली का, ते आत्याला आठवत नाही.

पुण्याला पोचल्यावर नगरच्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या बघायला मिळतील का, विचारायचं आहे. त्याआधी आत्याकडे जायला हवं.